जांभळ्या ठिपक्याचे गिनीपिग

पेत्रुस, आडनाव जियाने, सगळ्यांना सांगायचा, आपण जनावरांना नावं देत नाही. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, ज्याला आज ना उद्या सुई देऊन कायमचं झोपवायचं त्याला नाव देऊ नये, मग हात जड होतो. पेत्रुसने मान हलवली होती. पण निम्म्या पिंजऱ्यांना नावं होती. एक होता ‘मुकादम’, खाणीतल्या जुन्या मुकादमासारखा, खायला पुढे आणि भ्यायला त्याहून पुढे. एक ‘नवरी’, पांढरी, आणि एक ‘चर्चवाली’, जी बादलीचा आवाज ऐकला की सगळ्यांच्या आधी शीळ घालायची.

गिनीपिग शीळ घालतात बरं का. लसूणघास आणि कोबी आला की मागच्या पायांवर उभे राहतात आणि खोलीभर अशी शीळ सुरू होते, की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये.

पेत्रुस आधी प्रिटोरियाकडच्या कोळशाच्या खाणीत होता. बावीस वर्षांत खाणीने त्याला दोन वस्तू दिल्या, एक मनगटी घड्याळ आणि एक खोकला. घड्याळ बंद पडलं. खोकला टीबीचा निघाला आणि तेव्हाच्या गोळ्यांनी बराही झाला. पण बरा होण्याआधी तो खोकला चार महिने घरी राहून गेला होता, आणि घराला खोली एकच. पुढे दोन वर्षांनी बायको गेली, खोकूनच. राहिली एक मुलगी, खेतिवे. मग पेत्रुसला टेकडीवरच्या दवाखान्यात काम मिळालं.

हा दवाखाना साधा नव्हता. खाली दोन वॉर्ड, मधे भिंत. पहिल्या बाजूला सहा खाटा, दुसऱ्या बाजूला सहा. सगळ्यांना हट्टी टीबी, साध्या गोळ्यांना न जुमानणारा. त्यांनी सोडलेली हवा पत्र्याच्या रुंद नळातून वर ओढायची आणि छतावरच्या गिनीपिगांच्या खोलीत सोडायची. पहिल्या बाजूची पहिल्या खोलीत, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या. खालच्या माणसाचा रोग हटत असला तर वरचं जनावर धड राहतं, नसला तर बिघडतं. माणूस डॉक्टरला खूश करायला बरं वाटतंय म्हणतो. गिनीपिगाला ती अक्कल नाही.

त्या वर्षी एक नवी पिवळी गोळी आली होती. त्यांच्याच देशातल्या शिकलेल्या पोरांनी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं खपून काढलेली, आणि मुख्य म्हणजे स्वस्त. परदेशी गोळीचा एक डबा ज्या भावात यायचा, त्यात अख्खी वस्ती बरी व्हावी, अशी. ती खरंच लागू पडते का ते बघायला एका बाजूला खरी गोळी द्यायची आणि दुसऱ्या बाजूला तशीच दिसणारी, आत नुसता खडू. कुठे कुठली, ते खालच्या सिस्टर मोखेलेलाही माहीत नव्हतं. पेत्रुसला तर अशा दोन गोळ्या असतात हेच माहीत नव्हतं. बादली उचलणाऱ्याला कोण सांगतं?

त्याच वर्षी खेतिवे आजारी पडली. ती टॅक्सीच्या अड्ड्यावर बायकांच्या वेण्या घालायची. हात चपळ, आणि जीभ हातांहून चपळ. चोवीस वर्षांची. आधी तिचा आवाज बसला, मग घागरा कमरेवर राहीना, मग रुमालावर लाल दिसलं. साध्या गोळ्या तीन महिने खाऊन झाल्या, फरक नाही. पेत्रुस सलग तीन सकाळी टोपी हातात धरून डॉक्टर स्नायमनच्या दाराशी उभा राहिला. चौथ्या सकाळी डॉक्टर म्हणाला, “पेत्रुस, एक खाट आहे. दुसऱ्या बाजूला.”

पेत्रुसने खाली वाकून दोन्ही हातांनी टाळी वाजवली, मोठ्या माणसाचे आभार मानतात तशी. आपण पोरीला वाचवलं, असं त्याला वाटलं.

त्याला वॉर्डात जायची परवानगी नव्हती. जनावरांकडे जाणाऱ्याने खाली फिरायचं नाही, असा नियम. पण नळ होता की. खेतिवेची खाट नळाच्या जाळीखालीच होती. ती खाटेवर उभी राहून जाळीत तोंड घालायची, आणि तिचा आवाज हवेबरोबर वर पेत्रुसच्या दुसऱ्या खोलीत निघायचा.

“बाबा, तुमची मंडळी जेवली का?”

“जेवली. तू?”

“मक्याचा घाटा आणि कोबी. खरं सांगा, तुमच्या जनावरांचा उरलेला कोबी आम्हाला देतात ना?”

“उलटं आहे. तुमचा उरलेला त्यांना.”

“म्हणजे आधी आम्ही! चला, एवढा तरी मान आहे.”

मग ती खोकायची. तो खोकलाही नळातून वर यायचा, आणि पेत्रुस लसूणघास हातात धरून तो थांबेपर्यंत उभा राहायचा. जनावरं तो खोकला नाकाने आत घेत बसायची.

दुपारी दोन्ही बाजूंचे आजारी अंगणात उन्हाला बसत, तोंडाला फडकी बांधून. पहिल्या बाजूला एक गोगो स्कोसाना होती. गोगो म्हणजे आजी. ही सगळ्या दवाखान्याची आजी असल्यासारखी वागायची. आली तेव्हा काठीसारखी होती, सहा आठवड्यांत गालांवर मांस चढलं. खेतिवे तिच्या वेण्या घालायची. पेत्रुस छताच्या कठड्यावरून बघायचा.

“हळू ओढ गं! डोकं आहे, दोरखंड नाही.”

“गोगो, केस आहेत का मुळात? मी कधीची शोधतेय.”

“माझ्या वयाची हो, मग बघू तुझं काय उरतं. तुझ्या गोळ्या कशा आहेत? माझ्या बाई जहर. घसा दुखतो म्हणून मी चघळते, तर जिभेला दुपारपर्यंत चव येत नाही.”

“मीपण चघळून बघितली. छान लागते. शाळेतल्या खडूसारखी.”

“तू शाळेत खडू खायचीस?”

“मग काय, फळ्यावर लिहिण्यापेक्षा ते बरं यायचं.”

गोगो हसली, बाकीचे हसले, वर पेत्रुसही हसला. सगळं त्यांच्या समोर त्या अंगणात सांगून झालं होतं, आणि एकालाही कळलं नाही.

सहाव्या आठवड्यात दुसऱ्या खोलीतली शीळ कमी झाली.

आधी चर्चवाली गप्प झाली. मग मुकादम कोबीकडे बघून नुसता बसून राहिला. पेत्रुस दर शनिवारी वजन करायचा, काटा खाली खाली येऊ लागला. अंगावरचे केस उभे, डोळे चिकट. चाळीसातली सव्वीस जनावरं अशी. पहिल्या खोलीत मात्र बादली दिसली की कान फाटतील अशी शीळ. दुसऱ्या खोलीत इतकी शांतता, की नळातून खेतिवेचा श्वासही ऐकू यावा.

पेत्रुस घाबरला. त्याला दोन वर्षांपूर्वीचं आठवलं. तेव्हा दुसरं औषध होतं आणि पहिल्या बाजूची जनावरं अशीच बिघडली होती. डॉक्टरांनी रोग लागलाय का बघायला त्यांना सुया टोचल्या, पोटावर लाल गाठी आल्या, कागदावर लिहिलं, आणि आठवड्याच्या आत पहिल्या बाजूच्या सहाही खाटा रिकाम्या. गाद्या अंगणात उन्हात टाकलेल्या. कुठे नेलं माणसांना? पेत्रुसने विचारलं नाही. खाणीच्या बराकीत बावीस वर्षं काढलेला माणूस रिकाम्या खाटेबद्दल विचारत नाही. तिथे ती रीतच होती. सकाळी शेजारची खाट रिकामी दिसली की आपली घोंगडी घडी करायची आणि रांगेत उभं राहायचं. विचारणाऱ्याची खाट पुढची, असं पोरं म्हणायची.

तेव्हा पेत्रुसने मनाशी हिशोब जुळवला होता. ज्या बाजूचे गिनीपिग बिघडतात, त्या बाजूच्या माणसांवर औषध फुकट घालवत नाहीत. त्यांना बाहेर काढतात. बाहेर म्हणजे तारेच्या कुंपणाचा दूरचा दवाखाना, जिथून माणूस बंद पेटीत परत येतो. आता सोमवारी सुया होत्या.

रविवारी सगळे चर्चला गेले. पेत्रुस कातर आणि रंगाच्या दोन बाटल्या घेऊन छतावर चढला.

जनावरं ओळखायला पाठीवर ठिपका असायचा, पहिल्या बाजूच्यांना पिवळा, दुसऱ्या बाजूच्यांना जांभळा. केस वाढले की रंग उडतो, म्हणून दर पंधरवड्याला तो नव्याने लावायचं काम पेत्रुसचंच होतं. त्याने सव्वीस आजारी जनावरांच्या पाठीवरचा जांभळा पुंजका कातरला आणि तिथे पिवळा लावला. पहिल्या खोलीतली सव्वीस धडधाकट काढून त्यांचा पिवळा कातरला आणि जांभळा लावला. मग इकडची तिकडे नेली, तिकडची इकडे. मुकादमला उचललं तेव्हा त्याचं अंग तापलेलं होतं.

“जा,” पेत्रुस म्हणाला, “तिकडे जाऊन मर.”

खालून, चर्चला न गेलेल्यांचं गाणं नळातून येत होतं. त्यात खेतिवेचा फाटका आवाज सगळ्यांच्या वर.

सोमवारी सुया टोचल्या, मंगळवारी पट्टीने गाठी मोजल्या. डॉक्टर स्नायमन एकेक जनावर उलटं करून बघत होता आणि पेत्रुस पाय धरत होता. पिवळा ठिपका, गाठ. पिवळा ठिपका, गाठ. जांभळा, काही नाही. जांभळा, काही नाही.

“कमाल आहे,” डॉक्टर म्हणाला, “मला वाटलं होतं उलटं निघेल.”

गाठ आलेली जनावरं त्याच दुपारी झोपवली. मुकादम, चर्चवाली, सगळी. पिवळे ठिपके घेऊन गेली.

बुधवारी अंगणात सगळ्यांना बोलावलं. प्रिटोरियाहून दोन साहेब आले होते. पेत्रुस बादली घेऊन जिन्यात उभा राहिला. त्याला वाटलं, आता पहिल्या बाजूवाल्यांना जायला सांगतील. गोगो स्कोसानाकडे बघवेना, म्हणून तो बादलीकडे बघत होता.

डॉक्टर म्हणाला, “ठरल्याप्रमाणे आठव्या आठवड्याला जनावरांवरून बघितलं. दुसऱ्या बाजूच्या गोळ्या चांगल्या ठरल्या. आता उद्यापासून कुणावर अन्याय नको. दुसऱ्या बाजूच्या गोळ्या सगळ्यांना.”

टाळ्या झाल्या. खेतिवे उठून नाचली, खोकली, परत नाचली. “गोगो, जिंकलो आम्ही! आता माझ्या हातचं खा!”

“खाते बाई,” गोगो म्हणाली. “निदान कडू नसतील. त्या जहरातून सुटले.”

पेत्रुसला काही नीट उमगेना. तो सिस्टर मोखेलेजवळ सरकला. ही चांगली बाई, सोथो जमातीची होती, पण त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलायची.

“सिस्टर, दोन्ही बाजूंच्या गोळ्या वेगळ्या होत्या?”

“तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का, बाबा पेत्रुस? एक खरी, एक पोकळ.”

“आणि जनावरं बिघडली, तर त्या बाजूची माणसं?”

“त्यांना दुसऱ्या बाजूची चांगली गोळी. त्यासाठीच तर तुमची जनावरं.”

“आणि दोन वर्षांपूर्वीची? पहिल्या बाजूची? त्या रिकाम्या खाटा?”

“ती? ती त्या वेळची चांगली गोळी घेऊन घरी गेली. त्यातला तो उंच जेम्स अड्ड्यावर टोमॅटो विकतो, तुम्ही त्याच्याकडूनच घेता की!”

खरंच, पेत्रुस त्याच्याकडूनच टोमॅटो घ्यायचा. खाली मान घालून घ्यायचा, तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं.

आता कुणीही म्हणेल, अरे, तिथेच बोलायचं. पण बोलणं म्हणजे काय सोपं असतं? पहिला दिवस गेला जिना चढण्या-उतरण्यात. दुसऱ्या दिवशी पेत्रुसने परत अदलाबदल करायचं ठरवलं, म्हणजे न बोलता भागलं असतं. वर गेला तर आजारी जनावरं होती कुठे? ती झोपवली होती. उरली ती सगळी धडधाकट, दोन्ही खोल्यांत. तिसऱ्या दिवशी फोटो काढायला लोक आले, आणि त्याच्या हातात नवरी देऊन त्याला हसायला सांगितलं. तो हसला.

सातव्या दिवशी तो सिस्टर मोखेलेकडे गेला. त्यांच्या माणसांत मोठी गोष्ट एकदम बोलत नाहीत, लांबून येतात. आधी पावसाचं विचारतात, मग घरच्यांचं, मग गुरांचं, आणि मग गोष्ट हळूच पुढ्यात ठेवतात. पेत्रुसने पावसाचं विचारलं. सिस्टरच्या आईच्या गुडघ्याचं विचारलं. तिच्या भावाच्या गाईचं विचारलं. ती हातातलं काम सोडून नीट उत्तरं देत होती, कारण बाई सभ्य होती. मग तो म्हणाला, “सिस्टर, एखाद्या जनावराचा ठिपका चुकून दुसऱ्या रंगाचा लागला, तर...”

फोन वाजला. तिने उचलला, ऐकलं, आणि हाताने फोन झाकून म्हणाली, “वहीत लिहून ठेवा बाबा, सोमवारी डॉक्टर बघतील.”

पेत्रुसला आकडे लिहिता यायचे. वजनाच्या वहीत आकडेच लागत. तो वहीपुढे बसला. ही गोष्ट आकड्यांत कशी लिहायची ते त्याला जमेना. बसून बसून उठला.

नवव्या दिवशी सकाळी तो दुसऱ्या खोलीत बादली घेऊन शिरला. आता ती खोली धडधाकट जनावरांनी भरलेली. बादली दिसताच चाळीसही जनावरं मागच्या पायांवर उभी राहिली आणि शीळ सुरू झाली. पत्र्याचं छप्पर घुमायला लागलं. पेत्रुसला मधेच वाटलं, नळातून कुणी बाबा म्हटलं. त्याने कान दिला. शीळ, नुसती शीळ. “गप्प बसा!” तो ओरडला. जनावरांना वाटलं कोबी येतोय, ती आणखी जोरात शीळ घालू लागली. त्याने कोबी भराभरा फेकला, सगळा, कसाही. खायला लागल्यावर ती गप्प झाली.

नळातून काहीच आवाज येत नव्हता. खोकलासुद्धा नाही.

मग खाली पळापळ ऐकू आली आणि गोगो स्कोसानाचं ओरडणं. नियम मोडून पेत्रुस खाली गेला. खेतिवे खाटेवर उभी राहिली होती, जाळीशी, आणि तिथूनच खाली कोसळली होती. जाळीवर रक्त, भिंतीवर रक्त, गाऊनचा पुढचा भाग भरलेला. सिस्टर मोखेले तिला कुशीवर वळवून धरून होती, पण वळवून आता काही उपयोग नव्हता.

“किती हाका मारल्या तिने तुम्हाला,” गोगो म्हणाली. “मी भिंतीपलीकडून ऐकत होते. तुम्ही वरतीच होता ना, जियाने?”

“वरतीच होतो,” पेत्रुस म्हणाला.

दफनाला डॉक्टर स्नायमन आला. टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, “उत्तम गोळी मिळूनही कधी कधी उशीर झालेला असतो, पेत्रुस. तू स्वतःला लावून घेऊ नकोस.” पेत्रुसने मान हलवली. बोलायची ही एक जागा होती. कबर उघडी होती, माणसं जमली होती. तो बोलला नाही. आता बोलून ती उठणार होती का? बोलला असता तर गोगो वाचली असती, हे त्याला ठाऊक होतं. पण तिथून पोरीचा बाप म्हणून परत जायचं, की पोरीला मारणारा म्हणून, याचा विचार त्याने आधी केला. माणूस असाच असतो. वाईट वाटतं सांगायला.

गोगो स्कोसानाच्या गालांवरचं मांस हिवाळ्यापर्यंत उतरलं. खडूच्या गोळ्या खातखातच ती गेली, आणि पहिल्या बाजूचे आणखी दोघे. मग सगळ्यांच्या त्या आठ आठवड्यांत खोकून काढलेल्या बेडक्यांच्या तपासणीचे निकाल आले, ते यायला तेव्हा फार आठवडे लागत. बेडके म्हणत होते पहिली बाजू बरी होत होती. गिनीपिग म्हणत होते दुसरी. साहेब लोक कागद घेऊन महिनाभर बसले. शेवटी म्हणाले, यातलं काहीच धरता येत नाही. ज्यांनी पैसा लावला होता त्यांनी हात काढून घेतला. ती स्वस्त पिवळी गोळी बाजूला पडली. ज्या पोरांनी ती बनवली होती ती दुसऱ्या नोकऱ्यांना लागली. दवाखाना बंद झाला, आणि उरलेले गिनीपिग पेत्रुसने स्वतः झोपवले. नवरीला शेवटी.

पाच वर्षं गेली. त्या मुलखातल्या खाणींतून, बराकींतून, एका खोलीच्या घरांतून त्या पाच वर्षांत किती माणसं खोकत गेली, ते कुणी मोजलं नाही. जे बरे झाले त्यांतले किती तरी जुन्या औषधाच्या सुयांनी बहिरे होऊन बरे झाले. मग दुसऱ्या एका शहरात कुणीतरी ती पिवळी गोळी कपाटातून काढली, पुन्हा पहिल्यापासून तपासली, आणि ती लागू पडली. सरकारने ती दवाखान्यांत फुकट ठेवली.

त्याच वर्षी पेत्रुसच्या रुमालावर लाल दिसलं.

वस्तीच्या दवाखान्यात सिस्टर मोखेलेच होती आता, केस पिकलेली. तिने त्याला ओळखलं आणि तिला आनंदच झाला.

“बाबा पेत्रुस! घाबरू नका, आता काही भीती नाही. ही बघा कोण आली,” म्हणून तिने तळहातावर गोळी ठेवली. “आपलीच! टेकडीवरची. तेव्हा काय घोटाळा झाला देव जाणे. सहा महिने घ्यायची, रोज इथे येऊन, माझ्यासमोर. गिळून जीभ उचलून दाखवायची. नियम आहे.”

पेत्रुसने पावसाचं विचारलं. तिच्या आईचं विचारलं. आई गेली होती. भावाच्या गाईचं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि तिने हसून त्यात गोळी टाकली.

त्याने ती गिळली नाही, चघळली. जहर होती. कडूपणा जिभेवरून टाळूला गेला, तिथून डोळ्यांत. सिस्टरने पाण्याचा पेला पुढे केला, त्याने तो हाताने मागे सारला.

“पाणी घ्या की! कडू आहे ना फार?”

पेत्रुसने जीभ उचलून दाखवली.

तो सहा महिने एकही दिवस चुकला नाही. वजन नऊ किलोने वाढलं. खोकला पूर्ण गेला. सिस्टर नव्या आलेल्या घाबरट माणसांना त्याच्याकडे बोट करून दाखवायची, ते बघा, आमचे बाबा पेत्रुस, किती ठणठणीत झालेत. माणसं वळून त्याच्याकडे बघायची, आणि तो त्यांना बघू द्यायचा.